देवापुढे ठेवा

बेळगाव, ५ फेब्रुवारी २०२४

वनजा यांना नमस्कार.

नावाच्या मागेपुढे काय लावावं ते सुचलं नाही, तसंच सोडलं. क्षमा असावी.

समाजाच्या मासिकात तुमच्या आई, जमुनाबाई, गेल्याचं वाचलं. मंडी मोहल्ल्यातल्या तुमच्या घरी मी शेवटचा आलो त्याला या दसऱ्याला अठ्ठावीस वर्षं होतील. त्या दिवशी त्यांनी पानात वाढलेली पुरणाची होळिगे मी अर्धी टाकून उठलो होतो. एवढ्या वर्षांत बरंच विसरलो, ती अर्धी होळिगे विसरलो नाही. त्यांची माफी मागायची राहून गेली.

माझं इथे चष्म्याचं दुकान आहे. पत्नी जाऊन चार वर्षं झाली. मुलगी परदेशात असते. बाकी ठीक.

उत्तर द्यावंच असं काही नाही.

संताजीराव

---

म्हैसूर, २० फेब्रुवारी

संताजीराव,

'उत्तर द्यावंच असं नाही' असं लिहिणारा माणूस पाकिटावर आपला पत्ता दोनदा लिहितो, एकदा पिनकोडसकट, ही माहिती मला नवीन आहे.

आईचं म्हणाल तर ती सुटली. समाचाराला येणाऱ्या बायकांतून मी अजून सुटायची आहे. एकजण बसली, रडली, कॉफी प्याली आणि जाताना म्हणाली, "आता तरी कुठे जमवून घे ग वनजा, एकटी कशी राहशील?" मी म्हटलं, जमवायचाच तर धंदा आहे माझा. खरंच आहे. आजोबांपर्यंत आम्ही कापड रंगवत होतो, आता दुसऱ्यांनी रंगवलेलं जुळवून देतो. माझं मॅचिंग सेंटर आहे. फॉल, अस्तर, ब्लाऊजपीस. साडीतला मोरपंखी आणि गिऱ्हाइकाच्या डोक्यातला मोरपंखी यांची गाठ घालून द्यायची, म्हणजे वधूवरसूचक मंडळच की.

होळिगेचं मनाला लावून घेऊ नका. उरलेली अर्धी दादाने खाल्ली. गंगाधरराव आमचा पहिल्यापासून काटकसरी.

पत्र हाताने लिहिलंय म्हणून चकित होऊ नका. एका डॉक्टरीणबाईंनी रोज हाताने लिहायला सांगितलंय. मनगटासाठी. कुणाला लिहू हा प्रश्न होता, तेवढ्यात तुम्ही सापडलात.

वनजा

---

बेळगाव, ४ मार्च

वनजा,

पत्र वाचून दुकानात एकटाच हसलो. समोर बसलेल्या गिऱ्हाइकाला वाटलं, त्याला लावून बघायला दिलेल्या फ्रेमला हसलो. फ्रेम परत ठेवून गेला.

मनगटासाठी रात्री कोमट तिळाचं तेल लावा. वजन उचलू नका. कापडाचे तागे पोऱ्याला उचलू द्या.

आता एक लिहितो. राग आता कसलाही नाही, या वयात राग धरायला तब्येत लागते. त्या दसऱ्याला मी बन्नीची, म्हणजे शमीची, पानं घेऊन आलो होतो. तुम्हाला ठाऊकच आहे, आमचं घराणं लढवय्यांचं. म्हणजे पणजोबांनी राजाच्या फौजेत काय केलं देव जाणे. घरात एक तलवार आहे, तिने कांदासुद्धा कापला नसेल. पण आयुधपूजेचा रुबाब दांडगा. त्यात एक रीत अशी की बन्नी हातातून हातात द्यायची. जिथे नातं जोडायचं त्या घरी तर हातातच. दोन्ही घरांनी नाकं मुरडत का होईना आपल्या लग्नाला होकार दिला होता. बाकी होतं ते फक्त हे पान.

मी पान पुढे केलं. तुम्ही पदरातून हात काढले नाहीत. म्हणालात, "देवापुढे ठेवा."

मी ठेवलं आणि निघालो. घरी आल्यावर बाबा म्हणाले, पान हातात घेतलं नाही म्हणजे नाही. सहा महिन्यांत मी म्हैसूर सोडून बेळगावला आलो.

एवढंच. तेल लावा.

संताजीराव

---

म्हैसूर, १९ मार्च

संताजीराव,

अय्यो! देवापुढे ठेवा म्हणजे नकार?

आमच्याकडे काहीही चांगलं घरात आलं की आधी देवापुढेच ठेवतात. निकालपत्र, पगार, नवी चादर. दादाने पहिला मोबाईल घेतला तो तीन दिवस देवघरात वाजत होता. रंगाऱ्याच्या घरी 'देवापुढे ठेवा' म्हणजे डोक्यावर घेतलं असा अर्थ. आणि तुम्ही लोक तलवारीला हळदकुंकू लावून वर्षभर ट्रंकेत घालणारे, तुम्ही त्याचा अर्थ नकार लावलात!

तुम्ही परत का आला नाहीत याची आईने दहा कारणं काढली होती. हुंडा, माझा रंग, माझी जीभ. जिभेवर तिचा फार भरवसा होता.

माझ्याजवळ एक अकरावं कारण होतं. ते जाऊ द्या.

वनजा

---

बेळगाव, १ एप्रिल

वनजा,

तुमचं पत्र परत परत वाचलं. आयुष्यभर लोकांची नजर तपासत आलो. स्वतःला काय दिसलं होतं याचा विचार करतोय.

पण एक गोष्ट जुळत नाही. त्याच दिवशी, त्याच पडवीत, मी गंगाधररावांनाही पान दिलं. त्यांनी ते हातात घेतलं, कपाळाला लावलं, मग देवघरात नेलं. रीत घराची असेल तर त्यांच्या हाताला चालत होतं ते तुमच्या हाताला का चाललं नाही?

अकरावं कारण काय होतं?

संताजीराव

---

म्हैसूर, १० जून

संताजीराव,

दोन महिने उत्तर दिलं नाही. मनगट ठणठणीत आहे, पहिल्यापासून होतं. तेलाची बाटली मात्र आणली, ती देवापुढे आहे.

आता नीट ऐका. मी बोटांची कातडी काढते. अंगठ्याच्या नखाशेजारी एक कड उभी राहते. खरं तर ती सगळ्यांनाच असते, पण मला ती ऐकू येते म्हणा ना. दुसऱ्या हाताचं बोट तिच्यावर फिरत राहतं. ती सपाट करायची असते. ओढली की थोडी जास्त येते, मग नवी कड, मग तीही सपाट करायची. सपाट होत नाही कधी, रक्त येतं. बोटं संपली की पाय. मांडी घातली की टाच आपली हातात येतेच. सोयच केलीय देवाने. टाचेचे पदर काढताना जे सुख होतं ते सांगायला लाज वाटते आणि नंतर जिना उतरताना जे होतं ते सांगायची गरज नाही. सातवीत होते तेव्हापासून.

घरी याला कुणी आजार म्हटलंच नाही. आई अभिमानाने सांगायची, "रंगाऱ्याची बोटं आहेत, सोलणारच." आजोबांची बोटं चुन्याने आणि निळीने सोलायची, हे खरं. पण मी जन्मले तेव्हा आमच्या घरात रंगवायला उरलं होतं ते फक्त अंगणातलं रांगोळीचं पीठ! न पाहिलेल्या रंगाने माझी कातडी जाते, हे चार शिकलेल्या माणसांनी मानलं. मीही मानलं. घराण्याचा वारसा म्हणून दादाच्या नावावर घर झालं, माझ्या नावावर बोटं.

दुकानात रेशमाला माझी बोटं अडकतात. खरखरीत कडा धाग्यात रुततात, साडी ओरबाडली जाते. म्हणून बँकेत नोटा मोजायला वापरतात त्या रबरी टोप्या घालते. बायका विचारतात, "अय्यो, कैगे एनाय्तम्मा?" हाताला काय झालं? सोमवारी सुरी, मंगळवारी कात्री, बुधवारी दार. माझ्या घराइतकं धोकादायक घर म्हैसुरात दुसरं नसेल.

आई गेल्यावर टाच चिघळली, ताप आला. डॉक्टरने मलम दिलं आणि रक्षिताकडे पाठवलं. रक्षिता म्हणजे ती मनाची डॉक्टरीणबाई. वयाने माझ्या फॉलच्या दुकानाहून लहान. तिने बोटं बघितली आणि सुरी-कात्री विचारलीच नाही. "हे कधी जास्त होतं?" असं विचारलं. मी म्हटलं, वाट बघताना. दूधवाल्याची, निकालाची, आईच्या श्वासाची, कशाचीही. वाट बघायला लागले की हात आपले आपण सुरू होतात. ती म्हणाली, हाताला दुसरं काम द्या. फोनवर लिहू नका, त्यात एक हात मोकळा राहतो. पेनने लिहा. एक हात पेनवर, एक कागदावर.

आता तो दसरा. तुम्ही संध्याकाळी येणार होतात. मी सकाळपासून वाट बघत होते.

एवढ्यावर समजावं. पदराखाली आठ बोटं उघडी पडली होती, अंगठ्यातून वाहत होतं. तुमच्या पानाला रक्त लागलं असतं. म्हणून देव आठवला. तुम्ही उठून गेलात तेव्हा पदराकडे बघितलं, डाग पडला होता. मला वाटलं, तुम्हाला तो दिसला. हेच अकरावं कारण. अठ्ठावीस वर्षं मी ते खरं मानून चालले.

वनजा

---

बेळगाव, २४ जून

वनजा,

मला काही दिसलं नव्हतं. डाग, बोटं, काहीच नाही. दिसलं असतं तर मी जाग्यावरून हललो नसतो.

सोबत पार्सल पाठवतोय. सुती हातमोजे, पायमोजे, दोन मलमं. आमच्या शेजारच्या डॉक्टरांना विचारूनच घेतली. रात्रंदिवस घातले तर महिन्यात फरक पडेल म्हणतात. थोडा मनाचा निग्रह ठेवा.

संताजीराव

---

म्हैसूर, ३ जुलै

संताजीराव,

पार्सल पोचलं. हातमोजे छान आहेत. घालून मी चहा बनवणार, देवाला फूल वाहणार, की बँडच्या वरातीत उभी राहणार, तेवढं कळवा.

झाकायला माझ्याकडे पदर आहे, रबरी टोप्या आहेत, सुरी-कात्री-दाराच्या गोष्टी आहेत. त्यात तुमचे मोजे. आणि मनाचा निग्रह! तो मंडीत किलोने मिळत असता तर मी पोतं घेतलं असतं. चाळीस वर्षं सगळे हेच सांगतात: "हात काढ." आई तर हातावर फटका मारून सांगायची. मला वाटलं होतं, मोज्यांखेरीज दुसरं काही तुमच्याकडून येईल.

काय यायला हवं होतं ते विचारू नका. मला माहीत असतं तर मीच आणलं असतं.

तुमच्या पत्राची वाट बघताना डावी टाच पुन्हा गेली. तुमचा दोष नाही, सुम्ने, आपलं उगीच सांगते. लिहिताना हात थांबतात, उत्तराची वाट बघताना सुटतात. औषध आणि रोग एकाच पाकिटात येतात. तेव्हा हा पत्रव्यवहार इथेच थांबवलेला बरा.

वनजा

---

बेळगाव, १५ जुलै, सोमवार

वनजा,

मोज्यांबद्दल लाज वाटते. कमी दिसतंय म्हणणाऱ्या माणसाला मी "नीट बघा हो जरा" असं कधी सांगत नाही. तुम्हाला मात्र तेच सांगितलं.

पत्रव्यवहार थांबवायचा हक्क तुमचा. तुमच्या बाजूचा. माझ्या बाजूचा मी थांबवत नाही. आजपासून दर सोमवारी दुकान उघडायच्या आधी एक पत्र पेटीत टाकणार. तुमचं आलं तरी, नाही आलं तरी. त्यात काही नसेल. कधी पाऊस, कधी गिऱ्हाईक, कधी नुसतं 'सोमवार'. येईल का, असा प्रश्नच उरायला नको. येणारच. मग वाट कशाची बघाल?

उत्तर द्यावंच असं नाही. या वेळी खरंच तसं म्हणतोय. पत्ता एकदाच लिहिलाय.

संताजीराव

---

म्हैसूर, ९ सप्टेंबर

संताजीराव,

तुमची पत्रं पोचताहेत. 'आज एक आजोबा स्वतःच्याच चष्म्यावर बसले' हे वाचून मी पण हसले. 'सोमवार' एवढंच लिहिलेलंही मिळालं. तेवढ्यासाठी पाच रुपयांचं तिकीट लावणारा माणूस म्हैसूरच्या मातीतलाच असणार.

रक्षिताला तुमच्याबद्दल सांगितलं. "यारु अवरु?" तिने विचारलं. कोण हे? मी म्हटलं, माझं जुनं गिऱ्हाईक, रंग जुळला नाही म्हणून परत गेलेलं. ती वहीत काहीतरी लिहून हसली. शिकलेल्या पोरी फार हसतात.

बोटांची बातमी. बरी झाली असं नाही, होणार असंही नाही, पण आता कड उभी राहिली की मी तिला बघते. पूर्वी बघायच्या आतच ती गेलेली असायची. शेजारी लोकरीचा गुंडा ठेवलाय, गाठी मारते, सोडते. टाचेला तेल लावते, तुमचंच, मनगटाचं. दोन बोटांच्या टोप्या काढल्या. परवा नवा कोरा रेशमी पदर त्या दोन बोटांनी उचलला, अडकला नाही. गिऱ्हाइकाला काही कळलं नाही. मी मात्र ब्लाऊजपीसची किंमत चुकीची सांगितली, तिच्या फायद्याची.

तुम्ही विचारलंत, दसऱ्याला येऊ का. म्हैसूरचा माणूस दसऱ्याला घरात बसून टीव्हीवर मिरवणुकीतले हत्ती बघतो हे तुम्ही विसरलात. रस्त्यावर सगळी बाहेरगावची गर्दी. तरी या. होळिगे करीन, पूर्ण खावी लागेल.

बन्नी आणायची असेल तर आणा. हातात द्यायची की देवापुढे ठेवायची, हे मी आत्ता सांगत नाही. सांगता येत नाही.

वनजा

---

म्हैसूर, ११ ऑक्टोबर

संताजीराव,

तुम्ही आज रात्री गाडीत बसणार, आणि हे पत्र मी तुमच्या बेळगावच्या पत्त्यावर टाकतेय. तिथे दाराला कुलूप असेल. तुम्ही परत जाल तेव्हा ते आत पडलेलं मिळेल. म्हणजे वेडेपणाच. पण हातांना काम हवंय आणि लिहायला मला दुसरं कुणी नाही.

सकाळी अंगठा गेला. पूर्ण. दोन महिने जपलेला. होळिगेचं पुरण शिजत होतं, मी खिडकीशी उभी होते. कशाला? तुमची गाडी अजून सुटलेलीसुद्धा नाही! भानावर आले तेव्हा पुरण लागलं होतं आणि अंगठा सोलला होता. रक्षिताला फोन केला. म्हणाली, असं होणारच, जे कमावलं ते गेलं नाही. तिचं बरोबर असेल. पण उद्या दारात ती उभी राहणार नाही, मी राहणार.

सगळं तसंच आहे बघा. तीच पडवी, तोच दसरा, तोच अंगठा. फक्त मी चौपन्न वर्षांची आणि पदर सुती.

मघाशी कपाट उघडलं. तुमचे हातमोजे वरच आहेत. पांढरे, स्वच्छ. घातले तर उद्याचं सगळं सोपं होईल. तुम्हीच दिलेत, तुम्हाला वाईटही वाटणार नाही. घालून बघितले. मापाचे आहेत. माझ्या हाताचं माप तुम्ही कुठून काढलंत? कधी बघितलाय तरी का?

काढून ठेवले.

उद्या तुम्ही पान पुढे कराल. मला ते घ्यायचंय. एवढं साधं वाक्य लिहायला मला अठ्ठावीस वर्षं आणि एक पेन लागलं. मला ते हातात घ्यायचंय, देवाने रागवायचं तर रागवावं, तो गेल्या वेळचं पान घेऊन बसलाच आहे. पण तोंडातून काय निघेल, हात कुठे जाईल, मला या क्षणी खरंच ठाऊक नाही. तुम्ही हे वाचत असाल तेव्हा तुम्हाला ठाऊक असेल. तुमचा हेवा वाटतो.

कागद संपला. अजून रात्र आहे. लोकरीचा गुंडा घेऊन बसते.

वनजा

---

बेळगाव, २१ ऑक्टोबर, सोमवार

वनजा,

काल परत आलो. दार उघडलं तर तुमचं पत्र पायाखाली. उभ्यानेच वाचलं, पिशवी खांद्यावरच.

जे तुम्हाला ठाऊक आहे तेच लिहितोय, कारण पत्रात विचारलंय आणि पत्राला उत्तर द्यायचं असतं.

मी दारात उभा राहिलो. म्हटलं, "बन्नी घ्या, सोन्यासारखे राहू." तुम्ही म्हणालात, "देवापुढे ठेवा."

मी चपला काढल्या. खोटं सांगत नाही, या वेळी राग आला नाही, दुःखही नाही. तुमच्या घरी त्याचा अर्थ काय ते शिकलो होतो. देवघराकडे दोन पावलं टाकली, तेवढ्यात मागून तुम्ही ओरडलात, "अय्यो, इकडे आणा! जिभेला सवय झालीय मेलीच्या!" आणि दोन्ही हात पुढे केलेत. पट्टी नाही, टोपी नाही. अंगठा तर लालभडक.

मी पान ठेवलं. बन्नीची काडी अंगठ्याला टोचली, तुम्ही 'स्स' केलंत. मी घाबरून पान उचलायला गेलो तर तुम्ही मूठ मिटलीत. त्यात माझी बोटंही अडकली. मग तुम्ही बराच वेळ टीव्हीवरच्या हत्तींना नावं ठेवलीत, मूठ न उघडता. होळिगे करपट होती. पूर्ण खाल्ली.

आज दुकान उघडलं. काच पुसायचं मऊ कापड हातात घेतलं तर ते तळहाताला अडकल्यासारखं झालं. हात उजेडात धरून बघितला. काही नव्हतं. पुन्हा कापड घेतलं, पुन्हा तसंच.

तुमची बोटं रेशमाला अडकतात असं तुम्ही लिहिलं होतं. फक्त रेशमालाच, हे काही खरं नाही.

संताजीराव